धारोष्ण दुधाची रेषा

आमच्या उंबऱ्यापासून डेअरीच्या ओट्यापर्यंत अडतीस पावलं होती. डेअरी म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा असा प्रकार. पत्र्याची एक खोली, पुढं शहाबादी फरशीचा ओटा, ओट्यावर ॲल्युमिनियमचे चार कॅन, पाण्याचा एक हौद आणि भिंतीला काळा फळा. घोडेगावहून शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावाच्या अगदी टोकाला आमची बौद्धांची वस्ती. डेअरीसाठी गावठाणात कुणी जागा सोडेना, म्हणून ती रस्त्याच्या कडेला, म्हणजे आमच्या शेजारी येऊन बसली. आईला याचा कोण आनंद! ज्या गावात आमच्या हातचं पाणी कुणी घरात नेत नसे, त्या गावाच्या दुधात आमच्या गाईचं दूध रोज दोनदा एकाच कॅनमध्ये पडायचं. कॅनमध्ये पडलं की कुणाचं कुठलं ते ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं. आई हे बोलून दाखवायची नाही, पण दूध ओतताना तिची मान जराशी ताठ व्हायची, ते मी बघितलंय.

गाय आमची एकच. तिचं नाव चांदी. घोडेगावच्या बाजारातून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणली. पण निवडली आईनं. दादा साखर कारखान्यात कामाला, त्यांना उसातलं सगळं कळायचं आणि गाईतलं काहीच नाही. सकाळी मला जाग यायची ती धारेच्या आवाजानं. बादली रिकामी असताना धार पत्र्यावर टणटण वाजते, दूध चढत गेलं की आवाज जाड होतो, आणि शेवटी नुसत्या फेसात घरघर ऐकू येते. गोधडीतून डोकं बाहेर न काढता आज किती दूध निघालं ते मी सांगू शकायचे. मग चुलीवर बाजरीची भाकरी थापल्याचा आवाज, शेंगदाण्याच्या चटणीचा खलबत्ता, आणि त्या सगळ्याच्या मधेच आईची हाक, "सुमे, ऊठ, भाकरीकडं बघ, मी आले." आणि ती बादली घेऊन अक्षरशः पळायची. डेअरीच्या रांगेत पहिला नंबर तिचाच पाहिजे. दूध ओतलं तरी त्यातून वाफ निघत असायची. धारोष्ण दूध म्हणजे ताजं दूध, ताजं दूध म्हणजे चोख दूध, आणि चोख दूध म्हणजे कलाबाई, असं तिचं साधं गणित होतं. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ती हुलग्याचे शेंगोळे करायची आणि त्यात लसूण असा घालायची की वास डेअरीपर्यंत जायचा. आज माझ्या स्वयंपाकघरात सगळं आहे, फक्त तो वास जमत नाही. हुलगे तेच, लसूण तोच, काहीतरी राहतंच.

डेअरीचे सेक्रेटरी किसन अण्णा. माणूस सरळ, इतका सरळ की त्याचा राग यावा. आधी ते दूध नखावर तपासायचे. अंगठ्याच्या नखावर एक थेंब ठेवायचा. थेंब उभा राहिला तर दूध चांगलं, ओघळला तर पातळ. एके दिवशी तालुक्याहून लॅक्टोमीटर आला. काचेची लांब नळी, खाली फुगीर, वरच्या दांड्यावर आकडे. दुधात सोडली की तरंगते. दूध घट्ट असलं की कमी बुडते आणि मोठा आकडा दिसतो, दूध हलकं असलं की खोल बुडते आणि छोटा आकडा दिसतो. नियमही सोबतच आला. सव्वीसच्या खाली आकडा आला की दुधात पाणी आहे असं धरायचं आणि फळ्यावर नाव लिहायचं. तीनदा नाव आलं की खातं बंद. अण्णांनी तो नियम सगळ्यांना वाचून दाखवला आणि काच रुमालात अशी गुंडाळली की जणू घरात नवं बाळ आलंय.

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिली अर्थातच आई. मी तिच्या मागं उभी होते. अण्णांनी उंच भांड्यात दूध घेतलं, काच सोडली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"कलाबाई, पंचवीस."

"म्हंजी?"

"म्हंजी दूध हलकं हाय. पानी हाय ह्याच्यात."

आई हसली. तिला वाटलं अण्णा थट्टा करतायत. "सकाळी सकाळी मीच गावले व्हय तुमाला?"

"मी न्हाई म्हनत, बाई. काच म्हनतीय."

आणि त्यांनी खडूनं तिचं नाव फळ्यावर लिहिलं. रांगेत आमच्यामागं सगळं गाव उभं. बाकी सगळ्यांचं दूध अठ्ठावीस, एकोणतीस आलं. लांबच्या मळ्यातून सायकलवर कॅन लावून येणाऱ्यांचं तर हमखास एकोणतीस. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण फळ्यावरची ती अक्षरं आपली आहेत हे तिला न वाचताच कळलं. अडतीस पावलं चालून ती घरी आली आणि रिकामी बादली तिनं अशी आपटली की चांदी दचकली. मला अजून तो आवाज ऐकू येतो.

काच रोज लागत नसे, अण्णा अधूनमधून अचानक लावायचे. चार दिवसांनी पुन्हा लावली, पुन्हा पंचवीस. आता फळ्यावर दोनदा नाव झालं. डेअरीचे चेअरमन तात्या त्या दिवशी ओट्यावरच होते. लांब मिशांचे, गोड बोलून चिमटा काढणारे. ते म्हणाले, "कर न्हाई त्याला डर कशाला, कलाबाई? येत्या शनिवारी शिंगणापूरला जा. तिथं म्हन, मी पानी घातलं न्हाई. आमी लगीच फळा पुसतो." आमच्या भागात भांडण मिटवायची ही जुनी रीत होती. ज्या गावात घरांना दारं लावत नाहीत, तिथल्या देवासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नाही, असा त्यामागचा विचार. रांगेतल्या चार माणसांनी माना डोलावल्या. वाटायला सोपं होतं.

आई म्हणाली, "तात्या, आमी बौद्ध हाओत. देवाची शपथ आमी घेत न्हाई. दूध खरं हाय, ते मी हितंच सांगते."

"मंग शपतंला भ्या का वाटतं?"

आईनं उत्तर दिलं नाही. आणि तिथंच घात झाला, कारण गावानं त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. गंमत अशी की तेव्हा बायकांना तिथल्या चौथऱ्यावर चढूच देत नसत, म्हणजे शपथ घेतली असती तरी ती खालूनच! हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी तात्यांना तिथल्या तिथं सुनावलं असतं. चांगली उत्तरं मला नेहमी चाळीस वर्षांनी सुचतात.

घरी दादा म्हणाले, "जाऊन एक शब्द बोलून ये ना. काय जातं?" दादा भांडणाला घाबरणारे, कारखान्याच्या भोंग्याशिवाय कुणाशी त्यांचं वैर नव्हतं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे सांगितलं, "माझ्या बापानं दीक्षा घेतली त्या दिशी मी त्येच्या खांद्यावर हुते. आता बादलीभर दुधासाठी मागारी फिरू व्हय?" दादांनी भाकरी मोडली. मीही. तिसरं नाव कधीही येणार होतं. खातं बंद झालं तर चांदी विकावी लागणार हे आम्हा तिघांना माहीत होतं, पण चांदीचं दुःख दुसरं होतं. पहिलं दुःख हे की गावानं वर्षानुवर्षं आमच्या हाताला जे नाव ठेवलं होतं, तेच आता काचेनं ठेवलं.

मग ती संध्याकाळ आली. शेजारच्या बायजाचं बाळंतपण अडलं म्हणून आई धार काढून तशीच तिकडं पळाली. बादली दारात थंडीत तासभर पडून राहिली. मी दिवा लावला, अभ्यास केला, आणि मग डेअरी बंद व्हायच्या आत एकटीच दूध घेऊन गेले. अण्णांनी काच सोडली आणि भुवया वर केल्या. "अठ्ठावीस! बघ पोरी, आज घातलं न्हाई तर कसं आलं." मला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण घरी येईपर्यंत रागाच्या मागून काहीतरी दुसरंच उठून बसलं. गाय तीच. हात आईचेच. वैरणही तीच. बदललं होतं एकच, दूध गार झालं होतं. लांबून येणाऱ्या सगळ्यांचं दूध थंडीत सायकलवर गार होऊनच यायचं, आणि त्यांचे आकडे मोठे होते. गावात सगळ्यात जवळ राहण्याची आणि सगळ्यात आधी पळत जाण्याची शिक्षा आईला मिळत होती का? त्या रात्री मी शेंगोळे खाल्ले की नाही ते मला आठवत नाही.

मी दहावीला होते. त्याच आठवड्यात तांबोळी सर आम्हाला निर्देशक भूमिती शिकवत होते. सरांचा आवाज इतका मोठा की शेजारच्या वर्गातली पोरंही गणितात पास व्हायची असं आम्ही म्हणायचो. दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण. सर म्हणाले, "गवंडी बघितलाय ना? तो दोन खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो. भिंत अजून नाही, पण ती कुठून जाणार ते ठरलं. आमची दोरी म्हणजे समीकरण. मला दोन बिंदू द्या, मी तुम्हाला अख्खी रेषा देतो. पुढची, मागची, कुणी न बघितलेलीसुद्धा!" आणि त्यांनी फळ्यावर चढ काढला. आलेखाच्या कागदावर एक घर पुढं गेलं की किती घरं वर गेलो किंवा खाली आलो, तो चढ. तो एकदा कळला की बाकी सगळं आपोआप. मी ते शब्द ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. कुणी न बघितलेलीसुद्धा! मागचीसुद्धा! आईचं ते दोन दिवसांचं दूध केव्हाच टेम्पोत बसून गेलं होतं, पुन्हा मोजता येणार नव्हतं. पण रेषा तिथपर्यंत मागं जाऊ शकत होती.

मी हात वर केला. "सर, बिंदू म्हणून दूध चालेल का?"

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला सगळं विचारलं, आणि मग प्रयोगशाळेच्या कपाटातून पुठ्ठ्याचा एक खोका काढला. आत कापसात एक लॅक्टोमीटर होता, कुणीतरी कधीतरी मागवलेला, एकदाही न वापरलेला. सरांनी तो खिडकीशी धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या कागदाच्या पट्टीवरचं मुंगीएवढं अक्षर मला वाचायला लावलं. सत्तावीस अंश. म्हणजे ही काच सत्तावीस अंशांच्या दुधातच खरं बोलते! अण्णांच्या काचेवरही ते लिहिलेलं असणार. ते कुणी वाचलं नव्हतं, कारण सगळे आकडा बघत होते. सरांनी लॅक्टोमीटर आणि थर्मामीटर हातरुमालात बांधून माझ्याकडे दिले आणि म्हणाले, "फोडलंस तर सांगायला येऊ नकोस, सरळ शाळा सोड."

त्या संध्याकाळी मी धार संपायच्या आधीच आईच्या मागं जाऊन उभी राहिले. थर्मामीटर छत्तीस. काच सोडली, पंचवीस. मला कुठला धीर! पाच मिनिटांत थर्मामीटर पुन्हा घातला. चौतीस, आणि काच सव्वीस. झालं, दोन बिंदू मिळाले. चढ उणे अर्धा. हिशोब केला तर सत्तावीस अंशांना साडेएकोणतीस यायला हवं होतं. साडेएकोणतीस! तात्यांच्या दुधापेक्षा वर! मी आईला सांगितलं, दादांना सांगितलं, चांदीलाही सांगितलं. मग दूध गार होईपर्यंत बादलीजवळ बसून राहिले. सत्तावीस अंश झाले, काच सोडली, आणि ती आली अठ्ठावीसवर. साडेएकोणतीस नाही. आकडा चांगलाच होता, पण माझी रेषा खोटी निघाली होती. एका खोट्या रेषेवर आईचं नाव कसं पुसून निघणार? मी त्या दिवशी पहिल्यांदा गणितासाठी रडले. पुढं तीस वर्षं गणित शिकवलं आणि कितीतरी पोरांना रडताना पाहिलं. प्रत्येकाला मी आधी पाणी दिलं, मग वही मागितली.

सरांनी वही बघितली आणि कपाळावर हात मारला. "अगं, खुंट्या इतक्या जवळ कुणी ठोकतं का? दोन अंशांवर दोन खुंट्या! हात बोटभर हलला तर दोरीचं दुसरं टोक नेवाशाला जाईल." मग त्यांनी विचारलं, "फेस काढला होतास?" नव्हता काढला. धारेच्या दुधावर चार बोटं फेस असतो, आणि मी त्या फेसाच्या वरून आकडा वाचला होता. एक चूक घाईची, दुसरी फेसाची. सर म्हणाले, "रेषा खोटी नसते, सुमन. खुंट्या नीट ठोक."

दुसऱ्या दिवशी मी फेस चमच्यानं बाजूला केला, वाटीत घेतला आणि खाऊन टाकला. थर्मामीटर सदतीस, काच पंचवीस. मग बादली गार पाण्याच्या घमेल्यात ठेवली आणि या वेळी काहीही झालं तरी मधे हात लावायचा नाही असं ठरवून दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. सत्तावीस अंश, काच अठ्ठावीस. आता वही. अठ्ठावीसमधून पंचवीस गेले, तीन. सत्तावीसमधून सदतीस गेले, उणे दहा. चढ उणे तीन दशांश. म्हणजे दूध एक अंश तापलं की काच तीन दशांश खाली येते. तापमान x, काच y. y मधून अठ्ठावीस, बरोबर उणे तीन दशांश गुणिले x मधून सत्तावीस. दोन्ही बाजूंना दहानं गुणलं, आवरलं, आणि वहीवर उरलं: ३x + १०y = ३६१. माझ्या हातानं लिहिलेलं, चांदीच्या दुधाचं समीकरण! मी ते बघतच राहिले. त्या एवढ्याशा ओळीत आमच्या गाईची सकाळ, संध्याकाळ, उन्हाळा, हिवाळा सगळं होतं. सकाळी मी आधी वहीत लिहिलं, बत्तीस अंशांना साडेसव्वीस, आणि मग मोजलं. काच साडेसव्वीसच्या रेघेवर येऊन थांबली. मी ओरडले. आईला वाटलं विंचू चावला.

एकच काम उरलं होतं. पाणी घातलेलं दूध काय दाखवतं ते बघायचं. मी तांब्या घेऊन बादलीकडे गेले तर आईनं हात धरला. "चांदीच्या दुधात पानी? माझ्या घरात?" मी म्हटलं, आई, प्रयोग आहे. "परयोगाला सुद्धा न्हाई!" शेवटी ते पाप तांबोळी सरांच्या घरी, त्यांच्या चहाच्या दुधात झालं. दहा वाट्यांत एक वाटी पाणी, तापवून सदतीस अंश. काच बावीसवर. सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "जा, आता जा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी पहिली. मी वही, आलेखाचा कागद आणि थर्मामीटर घेऊन तिच्या मागं. हवेत असा गारठा की रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. अण्णांनी काच सोडली. पंचवीस. त्यांनी खडू उचलला. हे तिसरं नाव.

"अण्णा, थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हे दूध सदतीस अंश आहे. तुमची काच सत्तावीसला खरं बोलते. तिच्यातच लिहिलंय, वाचा."

अण्णांनी काच पुसली, दिव्याजवळ नेली, चष्मा लावला. "सत्तावीस अंश," त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. रांगेतली माणसं जवळ सरकली. तात्या म्हणाले, "गार केल्यावर आकडा वर येतोच की. पानी घातलेल्याचा बी येत आसंल."

"येतो," मी म्हणाले, "पण किती येतो ते आधी सांगता येतं. तुम्ही तापमान सांगा, मी आकडा सांगते. मग मोजा."

तात्यांना पैज आवडायची. "तीसला सांग."

मी वहीत तीन गुणिले तीस लिहिलं. तीनशे एकसष्टमधून नव्वद गेले, दोनशे एकाहत्तर. "सत्तावीसच्या केसभर वर." भांडं हौदाच्या पाण्यात ठेवलं. सगळी रांग हौदाभोवती. कुणी दूध ओतायचं नाव घेईना. चौतीस. तेहेतीस. लांबून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला आणि अण्णा पहिल्यांदाच त्याला ओरडले, "थांब रं जरा!" एकतीस. तीस. अण्णांनी काच सोडली. ती वर-खाली झाली, थरथरली आणि थांबली. अण्णा गुडघ्यावर बसून, डोळा भांड्याला लावून बघत होते.

"सत्तावीसच्या केसभर वर," ते म्हणाले.

कुणीतरी शिट्टी मारली. आईनं माझा खांदा इतक्या जोरात धरला की दोन दिवस दुखत होता. आम्ही थांबलो नाही. सत्तावीस अंशांना अठ्ठावीस, तेही अण्णांच्याच तोंडून. मग मी आलेखाचा कागद ओट्यावर पसरला आणि बोलत सुटले. सदतीस अंशांना चोख दूध पंचवीसच दाखवणार. दहावा हिस्सा पाणी असतं तर बावीस दाखवलं असतं, ते सरांच्या घरी मोजलंय. फळ्यावरच्या दोन्ही दिवशी दूध असंच वाफाळतं होतं आणि दोन्ही दिवशी काच पंचवीस होती. त्या दोन्ही दिवशी दूध चोख होतं. इतका वेळ मोठ्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते आणि मला थांबताच येत नव्हतं. शेवटी धाडस करून थर्मामीटर घेऊन तात्यांच्या कॅनकडे वळले, कारण त्यांचं दूध दोन मैलांवरून गारठून आलेलं, आणि गार दूध तर आपल्या लायकीपेक्षा मोठा आकडा दाखवतं. तात्यांनी झाकण दाबून धरलं. "माझ्या दुधाला सर्दी व्हईल, पोरी. ऱ्हाऊ दे." रांगेत कुणीतरी म्हणालं, "चोराच्या मनात चांदनं!" आणि असा हशा पिकला की त्यात तात्याही सामील झाले. हसणं भाग होतं त्यांना.

अण्णांनी फळ्यावरचं आईचं नाव खांद्यावरच्या पंच्यानं पुसलं. दोन्ही ठिकाणी, दोनदा. मग ते हात जोडून म्हणाले, "चूक झाली, कलाबाई. उद्यापास्नं तुमचं दूध पाव घंटा हौदात ठिवू, गार झालं की मापू. म्हंजी वांदाच न्हाई." मला हे अगदी योग्य वाटलं. आम्ही जिंकलो होतो, आता काय उरलं होतं! पण आई हलली नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "पाव घंटा मी सगळ्यांच्या मागं बसून ऱ्हायाचं? म्हंजी माझ्यातच कायतरी खोट हुती, आसं हुतंय. मी पयली येनार. दूध गरमच मापायचं. आन् पोरीचं गनित लावायचं."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या कागदाकडे. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

आता गावोगावी मशीन आलंय. दूध घातलं की चिठ्ठी बाहेर येते, तापमानाचा फरक आतल्या आत काढून. परवा गावी गेले तेव्हा मी त्या मशीनसमोर उगाचच उभी राहिले, आणि तिथल्या पोरानं विचारलं, "आजी, दूध घालायचं का?" मी नको म्हणाले. त्याला काय सांगणार.

त्या वेळी मात्र, पैजेच्या दुसऱ्या सकाळी, आई पळतच गेली आणि रांगेत पहिली उभी राहिली. फळ्याशेजारी भिंतीला माझा आलेखाचा कागद डिंकानं चिकटवलेला होता. अण्णांनी सरांचा थर्मामीटर घातला, काच सोडली आणि दोन्ही आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मग त्यांनी बोट कागदावर ठेवलं. सदतीसपासून वर, पंचवीसपाशी, आणि तिथून रेषेवरून हळूहळू, चढ चढत, सत्तावीसपर्यंत.

"अठ्ठावीस," ते म्हणाले.

आईनं बादली उचलली नाही. ती रांगेकडे वळून उभी राहिली. "अण्णा, मागल्यांना ऐकू न्हाई आलं."

अण्णांनी घसा खाकरला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "कलाबाई, अठ्ठावीस! चोख!"

मग तिनं दूध कॅनमध्ये ओतलं.